त्यांनीच नेमलेल्या लवादासमोर आम्ही का उभं राहायचं?

प्रश्न

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग आणि कामगार सासरे बघतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. हिशेब, जीएसटी आणि बँक माझ्याकडे. गेल्या वर्षी हॉटेलांना माल पुरवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीला आम्ही टॉवेल दिले. बिलांपैकी 18 लाख रुपये अजून यायचे आहेत. माल पोचला तेव्हा कुणी काही बोललं नाही. तीन महिन्यांनी पैशांचा तगादा लावला, तेव्हा मेल आला की जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) कमी आहे आणि रंग सुटतो. आता त्यांची नोटीस आली आहे. उलट आमच्याकडूनच 7 लाखांची नुकसानभरपाई मागितली आहे. करारात कलम आहे की वाद झाल्यास ‘कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी नेमलेला एकमेव लवाद’ निर्णय देईल आणि लवादाचं स्थळ मुंबई राहील. त्यानुसार त्यांनी एका वकिलांना लवाद म्हणून नेमलंय. हे वकील आजही त्याच कंपनीच्या केसेस चालवतात. पहिली बैठक पुढच्या महिन्यात आहे. अण्णा म्हणतात, कागद घ्यायचाच नाही, परत पाठवायचा. दीर म्हणतात, सोलापूरच्या कोर्टात दावा टाकू. मला काही सुचत नाही. त्यांचाच माणूस आम्हाला काय न्याय देणार? शेवटी पंच जसं अर्धं-अर्धं करून मिटवतात तसंच होणार का? आणि हा लवाद कारखान्याला सील लावू शकतो का?

— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर

ताई, आधी कागद घ्या. पोस्टमन पुन्हा आला तर सही करून घ्या आणि लिफाफ्यावर तारीख टाकून ठेवा. अण्णांचा संताप मला समजतो. ज्यानं पैसे बुडवले त्याचाच कागद उंबऱ्याच्या आत का घ्यायचा, असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या पत्त्यावर नीट पाठवलेली नोटीस नाकारली, तरी कायदा ती पोचली असंच धरतो. त्यानंतर तुम्ही बैठकीला गेला नाहीत तर लवाद तुमच्या गैरहजेरीत समोरच्याचा पुरावा घेऊन निवाडा देऊ शकतो. 1996च्या लवाद आणि सलोखा कायद्यानं त्याला तो अधिकार दिलेला आहे. असा एकतर्फी निवाडा थेट दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. घरी बसून राहिल्यामुळे आपल्या बाजूचं एकही बिल समोर न जाता निवाडा अंगावर येणं, यासारखं नुकसान नाही.

दिरांचा मार्गही सोडून द्या. करारात लवादाचं कलम आहे आणि प्रत्येक पानावर अण्णांची सही असणार. तुम्ही सोलापूरच्या न्यायालयात दावा लावलात, तर ती कंपनी आपलं पहिलं म्हणणं मांडायच्या आत कलम 8 खाली अर्ज करेल आणि न्यायालय तुम्हाला लवादाकडेच पाठवेल. कोर्ट फी गेली, महिने गेले आणि तुम्ही पुन्हा आज जिथं आहात तिथंच. करार फसवा होता, आम्ही तो रद्द केला, असं म्हणूनही सुटका होत नाही. करार मोडला तरी त्यातलं लवादाचं कलम स्वतंत्रपणे जिवंत राहतं. तो करार वैध होता की नाही, हेसुद्धा लवादच तपासतो.

म्हणजे लवादासमोर जायचंच आहे. पण कोणत्या लवादासमोर, हा प्रश्न खुला आहे आणि तो तुमच्या बाजूनं सुटण्यासारखा आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ 18 लाखांची नाही. ‘हे वकील आजही त्याच कंपनीच्या केसेस चालवतात’ ही ती ओळ आहे.

2015 साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्याला ज्या नव्या अनुसूची, म्हणजे कायद्याच्या शेवटी येणाऱ्या याद्या, जोडल्या गेल्या, त्यांत पाचवी आणि सातवी आल्या. ज्या नात्यांमुळे लवादाच्या तटस्थपणाबद्दल रास्त शंका येऊ शकते, ती पाचवीत आहेत. ज्या नात्यांमुळे माणूस लवाद म्हणून बसायला अपात्रच ठरतो, ती सातवीत आहेत. सातव्या अनुसूचीत अगदी वरच पक्षाचा नोकर, सल्लागार आणि सध्या त्याचं वकीलपत्र असलेला माणूस येतो. तुमच्या प्रकरणातले वकील तिथंच बसतात. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी कलम 12(5) नुसार ते लवाद होऊ शकत नाहीत. याला अपवाद एकच आहे: वाद उपस्थित झाल्यानंतर दोन्ही पक्षांनी स्पष्ट शब्दांत, लेखी, ही हरकत सोडून दिली तर.

म्हणून एक गोष्ट अण्णांनाही समजावून सांगा. येत्या काही आठवड्यांत कुणीही ‘संमतिपत्र’, ‘कार्यवाहीच्या अटी मान्य’ किंवा ‘लवादाच्या नेमणुकीस हरकत नाही’ अशा मजकुराचा कागद पुढे केला, तर सही करायची नाही. मेलवर ‘ठीक आहे, आम्ही येतो’ असंही लिहायचं नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून अपात्र माणूस पात्र होत नाही, त्यासाठी स्पष्ट लेखी संमतीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. तरीही गप्प राहण्याचा धोका वेगळाच आहे. वर्ष-दीड वर्ष सुनावणी चालते, निवाडा होतो आणि मग तो रद्द करायला न्यायालयात जायचं म्हणजे वेळ आणि पैसा दुपटीनं जातो.

आता दुसरा मुद्दा, की नेमणूक करणारे त्यांचे व्यवस्थापकीय संचालक. समजा त्यांनी उद्या हे वकील बदलून कुणी अनोळखी निवृत्त अधिकारी नेमला, तर? तरीही ती नेमणूक टिकत नाही. 2019 साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, ज्याचं वादाच्या निकालात हितसंबंध आहे, त्याला एकट्यानं एकमेव लवाद नेमता येणार नाही. 2024च्या नोव्हेंबरमध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं त्यापुढे जाऊन सांगितलं की दोन्ही पक्षांना समान वागणूक देण्याचं तत्त्व केवळ सुनावणीपुरतं नाही, लवाद नेमण्याच्या टप्प्यालाही ते लागू आहे. त्या प्रकरणात प्रश्न रेल्वेचा होता. आपणच तयार केलेल्या यादीतून नावं निवडा, असं ठेकेदाराला सांगण्याची पद्धत होती. एक मोठी सरकारी यंत्रणा जे करू शकत नाही, ते एका खासगी कंपनीनं टॉवेलच्या करारात घातलेल्या ओळीनं कसं होईल?

इथं एक गैरसमज काढून टाका. नेमणुकीची ही पद्धत गळून पडली म्हणजे लवादाचं कलमच गेलं, असं नाही. लवादानं वाद सोडवायचा हा करार तसाच राहतो, फक्त ‘आमचे संचालक नेमतील’ एवढा भाग बाद होतो. मग कायद्यातली नेहमीची पद्धत येते. लवादांची संख्या सम नसावी हा नियम आहे, आणि करारात संख्याच नसेल तर एकच लवाद. तुमच्या करारात एकमेवच आहे, म्हणून दोघांनी मिळून एक नाव ठरवायचं. एकानं मागणी केल्यापासून 30 दिवसांत ठरलं नाही, तर कलम 11 खाली उच्च न्यायालयात अर्ज करायचा आणि न्यायालय तटस्थ लवाद नेमतं.

2025च्या ऑगस्टपासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्या हद्दीत आहे. त्यामुळे आता कोल्हापूरलाच अर्ज करू, असं तुम्हाला कुणी सांगेल. थोडं थांबा. करारात लवादाचं स्थळ मुंबई लिहिलंय आणि या कायद्यात कुठलं न्यायालय हे बहुतेक वेळा त्या स्थळावरून ठरतं. कोल्हापूरला अर्ज टाकून हद्दीच्या हरकतीत महिने घालवू नका. वकिलांना कराराची ती ओळ आधी वाचायला द्या.

या आठवड्यात पत्र पाठवा. स्पीड पोस्टानं आणि मेलनं, दोन्हीकडून. एक प्रत त्या कंपनीला, एक नेमलेल्या वकिलांना. मजकूर साधारण असा ठेवा: ‘आपली नोटीस मिळाली. त्यातील मागणी आम्हाला मान्य नाही. आमचे आपल्याकडून 18 लाख रुपये व व्याज येणे आहे. आपण लवाद म्हणून नेमलेल्या व्यक्तीकडे आपल्या कंपनीचे वकीलपत्र आहे. सबब कलम 12(5) व सातव्या अनुसूचीनुसार ती व्यक्ती अपात्र आहे. या नेमणुकीस आमची संमती नाही व आम्ही कलम 12(5) खालील कोणताही हक्क सोडलेला नाही. आपल्या संचालकांना एकतर्फी लवाद नेमण्याचा अधिकारही आम्हास मान्य नाही. वाद तटस्थ एकमेव लवादाकडे सोपवण्यास आम्ही तयार असून पुढील नावे सुचवत आहोत. 30 दिवसांत सहमती न झाल्यास आम्ही उच्च न्यायालयात अर्ज करू.’ खाली दोन-तीन नावं द्या. शिवाय त्या वकिलांकडून कायद्यानं बंधनकारक असलेलं लेखी प्रकटन मागा. लवादपद स्वीकारण्याआधी प्रत्येकानं सहाव्या अनुसूचीच्या नमुन्यात आपले सगळे संबंध उघड करायचे असतात, आणि 12 महिन्यांत काम संपवायला पुरेसा वेळ देता येईल का हेही सांगायचं असतं. प्रामाणिक वकील असतील तर तो नमुना भरताना ते स्वतःच बाजूला होतील.

नाही झाले, तर अपात्रतेच्या हरकतीसाठी निवाड्यापर्यंत वाट बघायची गरज नाही. कलम 14 खाली न्यायालयाकडून त्यांचा अधिकार संपुष्टात आणता येतो. मात्र पाचव्या अनुसूचीतली, म्हणजे नुसत्या शंकेची हरकत असेल, तर ती कळल्यापासून 15 दिवसांत त्याच लवादासमोर मांडावी लागते. त्यानं फेटाळली तर कामकाज पुढे चालतं आणि तो मुद्दा निवाड्यानंतरच न्यायालयात नेता येतो. दोन्ही हरकतींचे रस्ते वेगळे आहेत. ते एकत्र करू नका.

नावं सुचवताना अण्णा म्हणतील, आपल्या ओळखीचा, आपल्या पेठेतला माणूस द्या. नको. जो नियम त्यांच्या वकिलाला लागू, तोच आपल्या ओळखीच्यालाही. तीन जणांचं मंडळ असतं तेव्हा हा मोह फार होतो. प्रत्येक पक्ष एकेक लवाद नेमतो, ते दोघं मिळून तिसरा, अध्यक्ष, निवडतात, आणि मग लोक ‘आमचा लवाद’, ‘त्यांचा लवाद’ असं बोलायला लागतात. पक्षानं नेमलेला लवाद त्या पक्षाचा वकील नसतो. त्यालाही तितकंच तटस्थ राहावं लागतं, त्यालाही तेच प्रकटन द्यावं लागतं. त्याला एकांतात फोन करून केस समजावून सांगणं म्हणजे पुढे रद्द होऊ शकणारा निवाडा स्वतःच्या हातानं तयार करणं आहे. लवाद वकील किंवा न्यायाधीशच असला पाहिजे असंही नाही. निवृत्त जिल्हा न्यायाधीशाचं नाव द्या आणि सोबत कापडाची तपासणी जाणणाऱ्या वस्त्रोद्योग अभियंत्याचंही द्या. तुमच्या वादाचं मूळ कापडात आहे. जीएसएम काय असतं हे ज्याला पहिल्या दिवसापासून शिकवावं लागणार नाही, असा माणूस मिळाला तर मला तो जास्त आवडेल.

खर्चाचा अंदाज आधीच घेऊन ठेवा. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत शुल्काचा नमुना दिलाय. 5 लाखांपर्यंतच्या वादाला 45,000 रुपये आणि 5 ते 20 लाखांदरम्यान वरच्या रकमेवर 3.5 टक्के. तुमच्या 18 लाखांवर ते 90,500 रुपये होतं. एकमेव लवाद असेल तर त्यावर 25 टक्के जास्त, म्हणजे 1,13,125. तीन जणांचं मंडळ असतं तर प्रत्येकाचं शुल्क वेगळं धरून हाच आकडा 2,71,500 वर गेला असता. म्हणून एवढ्या रकमेच्या वादात एकच लवाद बरा. त्यांच्या 7 लाखांच्या मागणीचं शुल्क वेगळं मोजलं जातं. ही अनुसूची सगळीकडे सक्तीची नाही, पण लवादाला पक्षांच्या संमतीशिवाय स्वतःचं शुल्क स्वतःच ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. शुल्क पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.

आता अधिकारांकडे येऊ, कारण सीलचं भय तुमच्या पत्राच्या शेवटी आलं असलं तरी झोप त्यानंच उडवली असणार. लवाद पोलीस नाही आणि न्यायालयही नाही. तो कुणाला अटक करू शकत नाही, स्वतः जाऊन कारखान्याला सील लावू शकत नाही, गुन्हा घडला म्हणून शिक्षा देऊ शकत नाही. करारावर सही नसलेल्या बाहेरच्या माणसाला त्याला स्वतःच्या हुकमानं साक्षीला ओढून आणता येत नाही. त्यासाठी कलम 27 खाली न्यायालयाची मदत घ्यावी लागते. पण म्हणून त्याला कमीही लेखू नका. कलम 17 खाली तो निवाड्याआधीच अंतरिम आदेश देऊ शकतो: वादातला माल जपून ठेवा, त्याची तपासणी होऊ द्या, वादातल्या रकमेला तारण द्या. 2015च्या दुरुस्तीनंतर या आदेशाची अंमलबजावणी न्यायालयाच्या आदेशासारखीच होते. स्वतःला अधिकार आहे की नाही, हेही आधी लवादच ठरवतो. तुमची अधिकाराबद्दलची हरकत त्याच्यासमोर लेखी उत्तर दाखल करण्याच्या आत मांडावी लागते, नंतर आठवली म्हणून चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा त्याला जसाच्या तसा बांधत नाही. पण दोन्ही बाजूंना समान वागवणं आणि आपलं म्हणणं मांडायची पुरी संधी देणं यातून त्याची सुटका नाही.

आणि अर्धं-अर्धं? ते लवाद करू शकत नाही. त्याला कराराच्या अटी आणि त्या धंद्याची रीत लक्षात घेऊन, कायद्यानुसार, कारणं लिहून निवाडा द्यावा लागतो. ‘तुमचंही राहू द्या, त्यांचंही राहू द्या’ अशा न्यायबुद्धीनं तोडगा काढायचा अधिकार दोन्ही पक्षांनी स्पष्टपणे दिला, तरच त्याला मिळतो. तो देऊ नका. तुमची बिलं पक्की आहेत, माल पोचल्याच्या सह्या आहेत, तर 18 लाखांचे 9 लाख कशाला मान्य करायचे? तडजोड करायची झालीच तर ती तुम्ही स्वतः, आकडा समोर ठेवून करा. त्यावर लवाद संमतीचा निवाडा देऊ शकतो आणि तोही इतर निवाड्यांसारखाच वसूल होतो.

जीएसएमच्या तक्रारीचं काय होईल, ते नीट बघा, कारण खरी लढाई तिथंच आहे. समजा तुमचा टॉवेल 75 बाय 150 सेंटिमीटरचा आणि कबूल केलेलं वजन 500 जीएसएम. क्षेत्रफळ 1.125 चौरस मीटर, म्हणजे एक टॉवेल साधारण 562 ग्रॅम भरायला हवा. ते म्हणतात 460, म्हणजे 517 ग्रॅम. पंचेचाळीस ग्रॅमचा फरक. पण त्यांनी वजन कुठं केलं, कधी केलं, कोऱ्या टॉवेलचं केलं की हॉटेलच्या लाँड्रीतून अनेकदा धुऊन आलेल्या टॉवेलचं? धुण्यात टेरीचा तंतू झडतो, टॉवेल आटतो, दोन्हींनी जीएसएम बदलतो. सूत हवेतली ओल धरतं, म्हणून अशी तपासणी ठरावीक तापमानाला आणि आर्द्रतेला करायची असते. खरं तर मुंबईच्या पावसाळी हवेत तोच टॉवेल सोलापूरच्या मे महिन्यातल्यापेक्षा जडच भरला पाहिजे. त्यांच्या मेलला प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला आहे का, तो कोणत्या लॉटचा आहे, नमुना कुणासमोर काढला, हे आत्ताच लेखी विचारा. कलम 26 खाली लवादाला स्वतःचा तज्ज्ञ नेमून नमुना तपासून घेता येतो आणि त्या तज्ज्ञाला प्रश्न विचारायची संधी दोन्ही बाजूंना मिळते. तुमच्याकडे त्या लॉटचे न उघडलेले नग शिल्लक असतील, तर त्यांना हात लावू नका. पॅकिंगवरच्या लॉट नंबरसकट फोटो काढा. डाईंगवाल्याचं आणि सायझिंगचं चलन, सुताच्या खरेदीची बिलं एका फायलीत लावा. किती किलो सूत आलं आणि किती डझन टॉवेल गेले याचा मेळ बसला, तर जीएसएमचा निम्मा वाद त्या फायलीतच संपतो.

निवाड्याविरुद्ध अपील करू, असा धीर कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. कलम 34 खाली निवाडा रद्द करायची मुदत 3 महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही. आणि कारणं अगदी मोजकी आहेत: मंडळ कायद्याप्रमाणे बनलं नाही, म्हणणं मांडायची संधी मिळाली नाही, लवाद वादाच्या बाहेर गेला, निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध किंवा उघड बेकायदा आहे. लवादानं पुरावा चुकीचा वाचला, एवढ्यानं न्यायालय सहसा हात घालत नाही. निवाड्यात बदल करण्याचा न्यायालयाचा अधिकार किती, यावर 2025च्या एप्रिलमध्ये घटनापीठाचा निकाल आला. तो अधिकार त्यांनी मान्य केला, पण फार मर्यादित. म्हणून मी नेमणुकीवर एवढा जोर देतेय. ज्याच्या निर्णयावर पुढे जवळजवळ दाद नाही, तो माणूस निवडताना तुमचा आवाज असलाच पाहिजे, आणि तो उठवायची वेळ हीच आहे.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? असेल, तर ती सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची आहे का आणि या कंपनीशी करार व्हायच्या आधीची आहे का? उत्तर हो असेल, तर तुमच्यासमोर याहून बळकट दार आहे. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार खरेदीदारानं ठरलेल्या मुदतीत, आणि काही झालं तरी 45 दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर तो माल स्वीकारला असं धरून मुदत मोजली जाते. तुमच्याकडे तीन महिन्यांनी मेल आला, म्हणून पोचपावतीची तारीख आणि त्या मेलची तारीख शेजारी शेजारी ठेवा.

असा वाद सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे नेता येतो. या परिषदेत 3 ते 5 सदस्य असतात: उद्योग खात्याचा अधिकारी, लघुउद्योजकांच्या संघटनांचे पदाधिकारी, बँकांचे किंवा वित्तसंस्थांचे प्रतिनिधी, आणि या कामाचं विशेष ज्ञान असलेली माणसं. हे मंडळ कायद्यानंच बनलेलं असतं, त्या मुंबईच्या कंपनीच्या संचालकांनी नव्हे. आधी परिषद समेट घडवायचा प्रयत्न करते. नाही जमला तर स्वतः लवाद म्हणून बसते किंवा एखाद्या संस्थेकडे वाद सोपवते. करारात वेगळं लवाद-कलम असलं तरी हा कायदा वरचढ ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलंय. खरेदीदार देशात कुठंही असो, पुरवठादार जिथं आहे तिथल्या परिषदेला अधिकार असतो, म्हणजे मुंबईच्या वाऱ्या टळतात. निवाडा तुमच्या बाजूनं झाला आणि त्यांना तो न्यायालयात आव्हान द्यायचा असेल, तर आधी रकमेचे 75 टक्के भरावे लागतात. ज्याच्याकडे पैसे अडकलेत त्याच्यासाठी याहून मोठा आधार नाही. त्यांची 7 लाखांची मागणी ते तिथंही मांडू शकतात, ती आपोआप संपत नाही. 90 दिवसांची मुदत कायद्यात लिहिलेली आहे, पण तेवढ्यात निकाल लागेलच असं धरून बँकेला शब्द देऊ नका. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि काही अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. नोंदणी करारानंतरची असेल, तर परिषदेच्या अधिकारावरच वाद उभा राहतो. मग वकिलांना विचारल्याशिवाय तो रस्ता धरू नका.

परिषदेकडे जायचं ठरलं, तरी हरकतीचं पत्र आजच्या आज पाठवाच आणि त्यात ‘आम्ही 2006च्या कायद्याखाली परिषदेकडे जात आहोत’ ही ओळ वाढवा. शेवटच्या बिलापासून तीन वर्षं नाही, तर प्रत्येक बिलाचे पैसे जेव्हा द्यायला हवे होते तेव्हापासून तीन वर्षं, अशी मुदत मोजा. सगळ्यात जुनं बिल कोणतं, ते आधी बघा.

परिषदेचा रस्ता बंद निघाला आणि उच्च न्यायालयानं नेमलेल्या लवादासमोर मुंबईतच जावं लागलं, तर अण्णांच्या तब्येतीचा विचार करून दोन मागण्या पहिल्या बैठकीत लेखी द्या. लवादाचं स्थळ मुंबई असलं तरी साक्षीदार ऐकायला किंवा माल पाहायला लवाद सोयीच्या दुसऱ्या ठिकाणी बसू शकतो, म्हणून कारखान्याची आणि शिल्लक मालाची पाहणी सोलापुरात व्हावी, आणि इतर तारखा व्हिडिओवरून. दुसरी मागणी भाषेची. पक्षांनी भाषा ठरवलेली नसेल तर ती लवाद ठरवतो. अण्णांची साक्ष मराठीत नोंदवली जावी, असं त्यात स्पष्ट लिहा. कोणतं सूत वापरलं, कोणत्या लॉटला किती वेळ डाईंग दिलं, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही.